निवृत्त फौजींना सरसकट परत बोलावतात? नाही!

सीमेवर तणाव वाढला की जळगाव-धुळ्याकडे हमखास फिरतं: ‘सगळ्या रिटायर फौजींना परत बोलावणार.’ हे खोटं आहे, आणि त्यानं म्हातारे आईबाप विनाकारण धास्तावतात.

मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान तणावात घाईनं ड्युटीवर परतले ते रजेवरचे जवान. त्यांची नोकरी चालूच होती. केंद्राचा 6 मेचा आदेश प्रादेशिक सेनेपुरता (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे आपला कामधंदा सांभाळून गरजेला सैन्यात सेवा देणाऱ्यांचं दल) होता. त्यात 32 पैकी 14 पायदळ बटालियन बोलावायला मंजुरी होती.

राखीव सेवेची, म्हणजे निवृत्तीनंतर काही काळ गरज पडल्यास परत बोलावता येण्याची, अट मात्र खरी. शिपायाला साधारणतः 17 वर्षांच्या नोकरीनंतर 2 वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, जे आधी संपेल ते. पन्नाशीतल्या हवालदाराचा त्यात प्रश्नच नाही. डिस्चार्ज बुकातली (निवृत्त होताना सैन्याकडून मिळालेलं पुस्तक) नोंद पाहा; शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते बुक घेऊन जा. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज म्हणजे आदेश नव्हे.