तपासले किती, वाचले किती?

कोल्हापूर जिल्ह्यात, करवीरपासून गगनबावड्यापर्यंत, आशाताई घरोघरी जाऊन तिशी ओलांडलेल्यांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे सवयी, लक्षणं आणि आजाराचा धोका विचारणारी प्रश्नावली, भरून घेतात. मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत सापडावा, म्हणून केंद्राने २०१६ मध्ये या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अहवाल हाती आला की आधी डोळ्यांत भरतो तो ‘एकूण तपासलेले’ हा आकडा. पण तपासणीचा उपयोग मोजायचा कशाने, हा वाद पाऊणशे वर्षांचा आहे.

१९४७ मध्ये अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी क्षयरोगाच्या एक्स-रे तपासणीचा अभ्यास करत होते. एकच फिल्म दोन डॉक्टर वेगवेगळी वाचत. येरुशाल्मींनी दोन मापं लावली. आजाऱ्यांपैकी किती जण चाचणीने पकडले, ही संवेदनशीलता. निरोग्यांपैकी किती जणांना तिने निरोगीच ठरवलं, ही विशिष्टता. १९५० मध्ये संख्याशास्त्रज्ञ यूडेन यांनी दोन्हींचा मिळून एकच निर्देशांक केला. सुटसुटीत खरा, पण गावात तो आजार मुळात किती आहे, हे त्यात येतच नाही आणि घोळ तिथेच होतो. समजा, १०,००० बायकांत ५० जणींना आजार आहे आणि चाचणीची दोन्ही मापं ९० टक्के आहेत. ४५ आजारी सापडतील, पण ९९५ निरोगी बायकाही पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या शंभर जणींत खरोखर आजारी चौघी-पाचजणीच. बाकीच्यांची झोप उडते, रोजगार बुडतो, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात हेलपाटे होतात.

१९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी एखाद्या आजाराची अशी तपासणी कधी करावी, याचे दहा निकष जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडले. निदानाची आणि उपचारांची सोय हवीच, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मृत्यू घटले का, हे तर आपल्याच महाराष्ट्रात मोजलं गेलं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार बायकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्ही या, गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीच्या एकाच फेरीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. गर्भाशयमुखाला अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीने तिथे ठोस घट दिसली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र टाटा रुग्णालयाने तीच आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

जिल्ह्याचा अहवाल वाचताना म्हणून मी आधी हे शोधतो: पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणी पुढच्या तपासणीपर्यंत पोचल्या, किती जणींना खरंच आजार निघाला आणि किती जणींचे उपचार पुरे झाले.