आरएसपीओ प्रमाणपत्र: छोट्या पाम बागायतदाराचा अर्ज आणि ओढ्याकाठचा पट्टा

मलेशिया-इंडोनेशियातला छोटा स्वतंत्र बागायतदार आरएसपीओचं, म्हणजे शाश्वत पाम तेलाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, प्रमाणपत्र गटामार्फत घेतो. गटाला व्यवस्थापक आणि सभासदांवर लक्ष ठेवणारी अंतर्गत तपासणी व्यवस्था हवी. खालचे टप्पे २०१९च्या निकषांतले आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये सुधारित निकष मंजूर झाले, म्हणून आपल्या गटाला कोणती आवृत्ती लागू आहे ते आधी विचारा.

पात्रता: पामखालचं एकूण क्षेत्र जास्तीत जास्त ५० हेक्टर, देशाची मर्यादा वेगळी असेल तर ती. बाग संरक्षित क्षेत्रात नको.

कागदपत्रं: जमिनीच्या हक्काचा किंवा पारंपरिक वहिवाटीचा पुरावा, सही केलेलं घोषणापत्र, प्लॉटचं जीपीएस स्थान. घोळ होतो तो इथेच. मोजणी घराच्या अंगणात उभं राहून केली, की नकाशात बाग भलत्याच जागी दिसते. प्लॉटच्या प्रत्येक कोपऱ्यावर जाऊनच नोंद घ्या.

टप्पे तीन: पात्रता, मग दोन वर्षांत ‘अ’, त्यानंतर वर्षभरात ‘ब’. विकता येणारे क्रेडिट (प्रमाणित उत्पादनापोटी खरेदीदाराला विकता येणारी नोंद) उत्पादनाच्या अनुक्रमे ४०, ७० आणि १०० टक्के. कुठलीही नवी लागवड असो, तोडीआधी तिथल्या उच्च संवर्धन मूल्याची, म्हणजे जपण्याजोगं जंगल, प्राणी किंवा पाणी तिथे आहे का याची, तपासणी करावी लागते. आधी तोड, मग अर्ज, हा क्रम चालत नाही.

खरी परीक्षा ओढ्याकाठी. आरएसपीओच्या मार्गदर्शनात प्रवाह १ ते ५ मीटर रुंद असेल तर दोन्ही काठांना ५ मीटर, ५ ते १० मीटरला १०, १० ते २० मीटरला २० मीटरचा पट्टा नैसर्गिक झाडझाडोऱ्यासाठी राखायचा आहे. मलेशियातल्या सबाह राज्याचा कायदा मात्र ३ मीटर किंवा अधिक रुंद नदीला थेट २० मीटर मागतो. म्हणजे ४ मीटरच्या ओढ्याला तिथे ५ नव्हे, २० मीटर सोडायचे. पट्ट्यात आधीच पाम उभे असतील तर ते लगेच तोडायला नकोत. पण तणनाशक आणि खत बंद, आणि पुनर्लागवडीच्या वेळी तिथे स्थानिक झाडं. रंगवलेले खुंट ठोका, नाहीतर फवारणीवाला हद्द ओलांडतोच.

दुर्मिळ प्राणी दिसला तर तारीख, प्लॉट आणि फोटो वहीत. शिकार बंद. उंदरांसाठी गव्हाणी घुबडांच्या पेट्या लावल्या असतील तर ब्रोडीफॅकोमसारखं विष टाळा: विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो आणि पेटी रिकामी राहते.