संग्रहालयीन वस्तूंचे त्रिमितीय अंकन

संग्रहालयातील मूर्ती, भांडे किंवा शस्त्र यांची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांवरून संगणकावर फिरवून पाहता येईल आणि मोजता येईल असे प्रतिरूप तयार करण्याची पद्धत. तिला फोटोग्रामेट्री म्हणतात. लेसर स्कॅनरनेही हे काम होते. पण कॅमेरा, ट्रायपॉड, दोन दिवे आणि बऱ्यापैकी संगणक एवढ्यावर भागत असल्याने लहान संग्रहालयांना फोटोग्रामेट्रीच परवडते.

एकच बिंदू वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या छायाचित्रांत दिसला, की सॉफ्टवेअर आधी कॅमेऱ्याच्या जागा आणि त्यांवरून त्या बिंदूचे स्थान काढते. त्यासाठी लागोपाठच्या दोन छायाचित्रांत ६० ते ८० टक्के भाग सामाईक असावा लागतो.

कार्यपद्धती : वस्तू कपाटातून काढण्याआधी तिचे तडे, सुटू लागलेला रंग आणि जुने सांधे यांची नोंद अभिरक्षक करतो. वीतभर उंचीची पाषाणमूर्ती असेल तर ती फिरत्या पाटावर ठेवून दर १० अंशांना एक, अशी एका फेरीत ३६ छायाचित्रे घेतात. कॅमेरा खाली, समोर आणि वर ठेवून तीन फेऱ्या केल्या की १०८ होतात. मग मूर्ती मऊ फोमवर आडवी करून तळासाठी पुन्हा तेवढीच. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि छिद्रमान (भिंगातल्या प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचे माप, आकडा मोठा तितके छिद्र लहान) एफ/८ ते एफ/११ ठेवतात. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, सगळेच चित्र किंचित मऊ पडते. फोकस आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंगांचा समतोल) हाताने ठरवून कायम ठेवावे लागतात. ते कॅमेऱ्यावर सोडले तर प्रतिरूपावर रंगांचे ठिगळ दिसते. प्रत्येक फेरीच्या पहिल्या चित्रात रंग ताडून पाहण्यासाठी २४ रंगांची पट्टी धरतात.

मोजपट्ट्या निदान दोन हव्यात. छायाचित्रांतून आकार कळतो, माप कळत नाही. पट्टीशिवाय तयार केलेली मूर्ती वीतभर आहे की पुरुषभर, हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. एका पट्टीने माप बसवायचे आणि दुसरीने ते ताडून पाहायचे.

नेहमीच्या चुका : फिरत्या पाटामागे कपाट किंवा खिडकी दिसत असेल तर सॉफ्टवेअर त्या स्थिर पार्श्वभूमीलाच धरते आणि कॅमेरा हललाच नाही असे मानते, मूर्तीचा चिखल होतो. उपाय म्हणजे मागे साधा काळा कपडा लावणे किंवा पार्श्वभूमी झाकून टाकणे. चकाकी हा त्याहून अवघड प्रश्न. कांस्यमूर्तीवरचा चमकता ठिपका पाहणाऱ्याच्या जागेप्रमाणे सरकतो, सॉफ्टवेअर त्यालाच खूण समजते आणि गुळगुळीत गालावर खड्डे उमटतात. दिव्यांवर पोलरायझिंग पडदा (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा) आणि भिंगावर त्याच्याशी काटकोनात फिल्टर लावल्यास चकाकी जाते. मात्र घासून लखलखीत केलेल्या पितळेवर याने भागत नाही, कारण चमक काढली की तिथे दिसण्याजोगे फारसे उरतच नाही. कारखान्यांत अशा वेळी चमक झाकणाऱ्या पांढऱ्या पुडीचा फवारा मारतात. संग्रहालयात, संरक्षणतज्ज्ञाच्या संमतीशिवाय, तो मुळीच मारू नये. कोरीव रेघांत बसलेली पूड सहजी निघत नाही. काच, स्फटिक आणि चवरीचे केस या पद्धतीने नीट येत नाहीत.

जतन : २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) साधारण २५ ते ३० एमबीची असते, वरच्या मूर्तीची २१६ चित्रे म्हणजे ६ जीबीच्या आसपास. जागा वाचवण्यासाठी ही मूळ चित्रे पुसून फक्त प्रतिरूप ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. उद्याचे सॉफ्टवेअर त्याच चित्रांतून अधिक चांगले प्रतिरूप काढू शकते. प्रतिरूपातून चित्रे परत मिळत नाहीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत, असा प्रघात आहे. फाइलच्या नावात वस्तूचा नोंदवहीतला क्रमांक असलाच पाहिजे. तो नसेल तर ती कोणती मूर्ती, कुठून आली, हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही. भारतातील राष्ट्रीय संग्रहालयांच्या संगणकीय नोंदींसाठी वापरलेली ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) या संस्थेने विकसित केली.

उपयोग : २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागून सुमारे २ कोटी वस्तूंच्या संग्रहाचा मोठा भाग जळाला. आधी स्कॅन केलेल्या काही वस्तूंच्या प्रतिकृती नंतर त्रिमितीय छपाईने, म्हणजे थरावर थर चढवून, करता आल्या. बाकीच्यांचे तेही झाले नाही. पूर्वी प्रतिकृतीसाठी मूळ वस्तूवरच साचा चढवावा लागे आणि त्यात रंगाचे कण उचलून येत. आता मूळ वस्तूला न शिवता दृष्टिहीनांच्या हाती देण्याजोगी प्रत त्रिमितीय छपाईने करता येते, आणि बोटांना न जाणवणारी बारीक रेघ हवी तेवढी मोठी करूनही छापता येते.