म्नेमोसिनी ही नुसती कवीकल्पना नव्हती

ग्रीकांची स्मृतिदेवी म्नेमोसिनी म्हणजे कवींनी रचलेलं रूपक, तिला कुणी पुजलंच नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. हेसिअडच्या काव्यात ती आकाश आणि पृथ्वीची लेक. देवांचा राजा झ्यूस याच्यासोबतच्या नऊ रात्रींतून तिला नऊ म्यूझ, म्हणजे कलांच्या देवी, झाल्या. (म्हणजे ती नऊ जणींतली एक नव्हे, त्यांची आई. हा घोळही नेहमीचाच.)

पण तिला लोक खरोखर मानत होते. दुसऱ्या शतकातला प्रवासी पौसानियस ग्रीसमधल्या लेबादियाला, त्रोफोनियस या वीरपुरुषाचा कौल घ्यायला स्वतः गेला होता. हा कौल जमिनीखालच्या पोकळीत उतरून घ्यायचा असे. तो लिहितो: आधी विस्मृतीचं पाणी प्यायचं, मग स्मृतीचं, म्हणजे खाली दिसेल ते लक्षात राहील. वर आल्यावर पुजारी माणसाला स्मृतीच्या आसनावर बसवून काय पाहिलं ते विचारत.

मला सर्वांत भिडतो तो दक्षिण इटलीतल्या हिपोनियनचा, इ.स.पू. 400 च्या सुमाराचा सोन्याचा पत्रा. तो एका स्त्रीच्या थडग्यात सापडला. त्यावर, परलोकातल्या रखवालदारांना काय म्हणायचं ते कोरलंय: तहानेनं जीव चाललाय, स्मृतीच्या तळ्यातलं गार पाणी लवकर द्या.