मोहीम-मॉडची स्थापना

मोहीम-मॉडची स्थापना : संगणकावरील युद्धव्यूह खेळात मूळ निर्मात्याने दिलेल्या मोहिमेच्या जागी किंवा तिच्या जोडीला, खेळाच्या चाहत्यांनी तयार केलेली मोहीम बसविण्याची क्रिया. मॉड (‘मॉडिफिकेशन’चे लघुरूप) म्हणजे तयार खेळात इतरांनी केलेला बदल; बोलण्यात या क्रियेला सरसकट ‘मॉड टाकणे’ असे म्हणतात. ‘फाइल’ला शासकीय परिभाषेत ‘धारिका’ हा शब्द आहे, पण या क्षेत्रात तो कोणी वापरत नसल्याने या नोंदीतही वापरलेला नाही. मोहीम हा शब्द मूळचा अरबी, फार्सीवाटे मराठीत आलेला. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघणाऱ्या फौजेच्या स्वारीला तो पूर्वापार लावला जातो. खेळातही अर्थ फारसा वेगळा नाही : एकमेकींशी जोडलेल्या अनेक लढाया, त्यांच्यामधला नकाशा, खजिना, वारसदार आणि तह. एकाच लढाईपुरत्या रचनेला मोहीम म्हणत नाहीत. केवळ सैनिकांचे गणवेश किंवा तोफांचे आवाज बदलणारे मॉडही येथे अभिप्रेत नाहीत.

या प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. संगणक खेळांच्या इतिहासलेखनात पहिल्या मॉडचा मान बहुधा ‘कॅसल स्मर्फेनस्टाइन’ला दिला जातो. ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ (१९८१) या खेळातील नाझी पहारेकऱ्यांच्या जागी व्यंगचित्रांतील निळे स्मर्फ बसविणारा हा विनोदी बदल. तो सामान्यतः १९८३ चा मानतात, काही ठिकाणी त्याआधीचेही वर्ष आढळते. दुसरे मत ‘डूम’पासून (१९९३) सुरुवात धरते, कारण तेथे खेळाचे यंत्र (इंजिन) आणि खेळातील माल (नकाशे, चित्रे इ.) प्रथमच हेतुपुरस्सर वेगळे ठेवले गेले. दोन्ही मते धावपळीच्या आणि गोळीबाराच्या खेळांकडे पाहून बनलेली आहेत. युद्धव्यूह खेळांना ती जशीच्या तशी लागू करणे कठीण आहे.

पटावरच्या युद्धखेळांत नियम व नकाशे बदलून खेळण्याची सवय संगणकाच्या आधीची आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी घडविलेला आणि १८२४ मध्ये छापील नियमांसह आलेला ‘क्रीगश्पील’ त्याच शतकात इतर अधिकाऱ्यांनी इतका बदलला की त्याचे ‘कडक’ आणि ‘मोकळा’ असे दोन पंथ झाले. अर्थात ते बदल लष्कराच्या आतले होते, हौशींचे नव्हते. हौशींचा प्रवाह विसाव्या शतकातला. ॲलन कॅलहॅमर यांचा ‘डिप्लोमसी’ (१९५९) १९६३ पासून टपालाने खेळला जाऊ लागला आणि खेळाडूंनी हाताने छापलेल्या पत्रिकांतून त्याचे पर्यायी नकाशे पसरले. ॲव्हलॉन हिल या कंपनीचे १९६४ मध्ये सुरू झालेले ‘द जनरल’ हे नियतकालिक वाचकांनी सुचविलेले पर्यायी नियम व प्रसंग छापत असे. संगणकावर हीच वृत्ती ख्रिस क्रॉफर्ड यांच्या ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ या १९८१ च्या खेळाभोवती दिसते. ॲटारी या कंपनीच्या कार्यक्रम-विक्री (प्रोग्राम-विक्री) विभागाने त्याच्यासाठी प्रसंग-संपादक विकायला काढला, इतकेच नव्हे तर खेळाची मूळ संहिताही (सोर्स कोड) विकली. पुढे १९८६ मध्ये एसएसआय या कंपनीचा ‘वॉरगेम कन्स्ट्रक्शन सेट’ आला आणि लढाई रचणे हाच खेळ झाला. हा क्रम लक्षात घेता मोहीम-मॉडची वंशरेषा पटावरच्या ‘पर्यायां’कडून आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. स्मर्फ हा तिचा चुलत भाऊ म्हणावा.

डूमचे ऋण मात्र तांत्रिक बाजूने नाकारता येत नाही. त्या खेळाचा सगळा माल ‘वॅड’ नावाच्या एका गठ्ठ्यात असे. खेळ सुरू करताना दुसऱ्या गठ्ठ्याचे नाव दिले, की त्यातील नकाशे व चित्रे त्याच नावाच्या मूळ मालावर मात करीत आणि मूळ गठ्ठा जसाच्या तसा राही. स्थापनेचा सारा प्रश्न येथे एका वाक्यात येतो : एकाच नावाच्या दोन फाइली असतील तर खेळ आधी कोणती वाचतो? मॉड नीट बसला की बिघडला, हे बहुतेक वेळा या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. प्रती चढविण्याचे काम त्यामानाने किरकोळ आहे.

या प्राधान्यक्रमाचा सर्वांत अभ्यासलेला नमुना म्हणजे ‘मेडिव्हल टू : टोटल वॉर’ (नोव्हेंबर २००६). क्रिएटिव्ह असेंब्लीने केलेल्या आणि सेगाने प्रकाशित केलेल्या या खेळाचा माल ‘पॅक’ या प्रकारच्या मोठ्या बंद गठ्ठ्यांत होता. ते उघडण्याचे साधन कंपनीनेच उपलब्ध करून दिले. ऑगस्ट २००७ मध्ये ‘किंग्डम्स’ ही पुरवणी आली. अमेरिका, ब्रिटन, क्रुसेड आणि ट्यूटॉनिक या तिच्या चारही मोहिमा कंपनीने ‘मॉड्स’ नावाच्या फोल्डरात चार वेगळे फोल्डर करून ठेवल्या, म्हणजे अधिकृत पुरवणीच मॉडच्या रूपात बसविली. चाहत्यांना याहून स्पष्ट वाट दाखविण्याची गरज उरली नाही. ‘स्टेनलेस स्टील’, ‘थर्ड एज’, ‘ब्रोकन क्रेसेंट’ आणि २०१४ मध्ये प्रथम खुला झालेला ‘युरोपा बार्बरोरम टू’ हे सगळे त्याच वाटेने गेले.

अशा मॉडच्या फोल्डरात खेळाच्या ‘डेटा’ फोल्डराची अपुरी नक्कल असते : जे बदलले तेवढेच. सोबत एक लहान मांडणी-फाइल असते. तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एका शीर्षकाखाली मॉडच्या फोल्डराचा पत्ता, आणि दुसऱ्याखाली ‘बंद गठ्ठ्याआधी सुटी फाइल वाच’ ही सूचना. ही दुसरी ओळ राहिली की सगळी मोहीम जागेवर असूनही पडद्यावर जुना युरोप अवतरतो. खेळ सुरू करताना ‘@’ या चिन्हामागे मांडणी-फाइलचा पत्ता द्यावा लागतो. मॉडसोबत येणारी बॅच फाइल किंवा डेस्कटॉपवरचा शॉर्टकट एवढेच काम करतो.

मोहिमेचा गाभा साध्या मजकूर-फाइलींत असतो. सत्ता, सरदार, त्यांची वये, आरंभीचा खजिना, कोणत्या वर्षी डाव सुरू व्हायचा हे एका फाइलीत, प्रांतांची नावे व बंडखोरांचे प्रकार दुसरीत, घटनांची पटकथा तिसरीत. प्रांतांच्या सीमा मात्र चित्रात असतात : प्रत्येक प्रांताला एक स्वतंत्र रंग, शहरासाठी एक काळा बिंदू आणि बंदरासाठी एक पांढरा. या चित्रांवरून खेळ स्वतःपुरता एक संकलित नकाशा तयार करून ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच वाचतो. म्हणून नवी आवृत्ती चढविल्यावर तो संकलित नकाशा पुसावा लागतो, नाहीतर नवे प्रांत जुन्या भूगोलावर बसतात व खेळ सुरू होण्याआधीच कोसळतो. नावांच्या मजकुराचीही अशीच संकलित प्रत होते आणि तीच आधी वाचली जाते. मजकूर बदलूनही पडद्यावर जुनेच नाव दिसते ते यामुळे.

प्रत्यक्ष क्रम थोडक्यात असा. मूळ खेळ व पुरवणी पूर्ण सुधारित हवी (किंग्डम्ससह ही आवृत्ती १.५). एकदा काही न बदलता खेळ चालवून पाहावा. मग मॉडचे भाग सांगितलेल्या क्रमानेच चढवावेत. ‘थर्ड एज’ची ३.० ही आवृत्ती दोन भागांत आली आणि तिच्यावर ३.२ चा पॅच बसतो. त्यावर आधारलेला उपमॉड असेल, तर त्याने कोणती आवृत्ती पायाभूत धरली आहे हे पाहणे आवश्यक. फोल्डरात फोल्डर ही नवशिक्याची नेहमीची चूक : संकुचित (झिप) फाइल उघडताना ‘मॉड्स’च्या आत त्याच नावाचे दोन थर तयार होतात आणि मांडणी-फाइलमधला पत्ता चुकतो.

विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जुन्या कार्यक्रमांनी लिहिलेले गुपचूप दुसऱ्या जागी वळविले जाते. त्यामुळे खेळ त्या फोल्डराबाहेर ठेवण्याचा सल्ला जवळजवळ प्रत्येक मॉडसोबत मिळतो. स्टीम या ऑनलाइन खेळविक्री-सेवेवरील प्रतीत मुख्य कार्यक्रमाचे नाव बदललेले असल्याने जुन्या मॉडचे शॉर्टकट ‘किंग्डम्स’ नावाचा कार्यक्रम शोधत राहतात. मुख्य कार्यक्रमाची प्रत करून तिला ते नाव देणे हा प्रचलित उपाय. लिनक्समध्ये फाइलींच्या नावांतील लहान व मोठी रोमन अक्षरे वेगळी मानली जातात, हा आणखी एक खोडा.

हा खेळ ३२ बिटी असल्याने मोठ्या मॉडना त्याची २ जीबी स्मृतिमर्यादा जाचते. ६४ बिटी विंडोजवर कार्यक्रमात एक खूण बदलून ती ४ जीबीपर्यंत नेता येते. दुसऱ्या मर्यादा यंत्रातच कोरलेल्या आहेत : बंडखोरांसह ३१ सत्ता, सुमारे २०० प्रांत, ५०० पथकप्रकार. चाहत्यांच्या ‘इंजिन ओव्हरहॉल प्रोजेक्ट’ने यांतील काही मर्यादा ओलांडल्या आहेत. त्यासाठी खेळ त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र प्रारंभकातून (लाँचर) सुरू करावा लागतो. बिघाड शोधायला खेळ स्वतःची नोंदवही (लॉग) लिहितो. तिची शेवटची ओळ आधी वाचावी, कारण कोसळण्याचे कारण बहुधा तिथेच किंवा तिच्या जरा वर असते.

याआधीच्या ‘रोम : टोटल वॉर’मध्ये (२००४) शॉर्टकटमागे मॉडचे नाव जोडण्याची प्राथमिक सोय होती. नंतरच्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ने (मार्च २००९) वाट बदलली. मराठी वाचकाला या खेळाचे कुतूहल वेगळ्या कारणाने असते : त्यात ‘मराठा संघ’ ही मुख्य सत्तांपैकी एक असून तिच्या बाजूने १७०० पासून डाव मांडता येतो. संघ हा शब्द त्या वर्षाला शोभत नाही. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले, पुढच्याच महिन्यात सातारा औरंगजेबाच्या हाती गेला आणि कारभार ताराबाईंकडे आला. संघराज्यासारखी रचना पेशवाईत आकाराला आली. असा कालविपर्यास दुरुस्त करावासा वाटला तर आरंभस्थितीची फाइल बदलावी लागते, आणि तेथेच अडचण आहे. ही फाइल पॅकच्या बाहेर, मोहिमेच्या फोल्डरात सुटी व द्विमान (बायनरी) स्वरूपात असते. तिच्यावर दुसरी प्रत वरचढ ठेवण्याची सोय नाही, ती प्रत्यक्ष बदलूनच टाकावी लागते. म्हणून एम्पायरच्या मोहीम-मॉडमध्ये मूळ फाइलची प्रत आधी बाजूला काढणे अनिवार्य. स्टीमने फाइलींची पडताळणी केली की मूळ फाइल परत येते आणि मॉड अर्धाच उरतो.

इतर माल पॅकमध्येच राहतो. ‘मॉड’ प्रकारच्या पॅकचे नाव वापरकर्त्याच्या फोल्डरातील एका पटकथा-फाइलीत लिहावे लागते, तेही युनिकोडच्या १६ बिटी सांकेतनात. ‘मूव्ही’ प्रकारचा पॅक न सांगता आपोआप उचलला जातो. मॉडकर्त्यांनी या पळवाटेचा भरपूर उपयोग केला.

स्टीमने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘वर्कशॉप’ ही मॉड वाटण्याची सोय सुरू केल्यावर आणि २०१२ च्या सुमारास ती टोटल वॉर मालिकेतील ‘शोगन टू’ला जोडली गेल्यावर स्थापना एका बटणावर आली. पॅराडॉक्स या कंपनीच्या खेळांत कागदपत्रांच्या फोल्डरातील छोटी वर्णन-फाइल मॉडचे नाव, पत्ता आणि चालणारी आवृत्ती सांगते.

कायद्याच्या अंगाने अमेरिकेतील मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन हा १९९८ चा निवाडा उद्धृत केला जातो. चाहत्यांनी ‘ड्यूक नुकेम थ्री-डी’साठी केलेले टप्पे गोळा करून विकणे म्हणजे मूळ कृतीवर बेतलेली कृती विकणे होय, असे तेथील अपील न्यायालयाने ठरविले. मोहीम-मॉड प्रायः विनामूल्य वाटले जातात, यामागे परवान्याच्या अटींइतकाच या प्रकारचा धाक आहे.

काढून टाकणे सोपे आहे. स्वतंत्र फोल्डरातला मॉड फोल्डर पुसून जातो, मूळ फाइल बदलणारा मॉड जपून ठेवलेली प्रत परत ठेवून. त्या मॉडवर साठवलेले डाव मात्र त्यानंतर उघडत नाहीत, आणि मॉडची आवृत्ती मध्येच बदलली तरी बहुधा हेच घडते.