बेल्हार विश्वासांगीकार

वर्णभेद हा ख्रिस्ती श्रद्धेशीच द्रोह आहे, असे ठरवणारी दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड (कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट) मिशन चर्चची श्रद्धाघोषणा. मसुदा १९८२, स्वीकृती १९८६. मूळ भाषा आफ्रिकान्स. केपटाउनलगतच्या बेल्हार वसाहतीत महासभा भरली, त्यावरून नाव पडले.

वादाचे मूळ प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या, मेजापाशी सापडते. रंग वा जन्म न पाहता सर्वांना एकत्र प्रभुभोजन द्यावे, असे केप वसाहतीतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या महासभेने १८२९ मध्ये ठरवले होते. १८५७ च्या महासभेनेही एकत्र उपासना इष्ट व शास्त्रसंमत मानली; पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ धर्मप्रसारात अडथळा येत असेल, तर धर्मांतरितांनी वेगळ्या इमारतीत उपासना करावी, अशी पुस्ती जोडली. हे दुर्बल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ओठांचा प्याला आपल्या ओठांना लावायला कचरणारे गोरे सभासद. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी स्वतंत्र मिशन चर्चच निघाले. वर्णभेदाच्या धर्मशास्त्राचा आरंभ काही अभ्यासक १८५७ पासूनच धरतात. इतरांच्या मते ती स्थानिक सवलत होती व तात्त्विक समर्थन विसाव्या शतकात रचले गेले. ठरावाची भाषा पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

१९८२ मध्ये ऑटावा येथे रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड ठरवले आणि मिशन चर्चचे धर्मगुरू ॲलन बूसाक यांना अध्यक्ष निवडले. त्याच वर्षी मिशन चर्चने ‘स्टेटस कन्फेसिओनिस’ जाहीर केला, म्हणजे जेथे गप्प राहणे हाच श्रद्धात्याग ठरतो अशी स्थिती. तसे म्हटल्यावर श्रद्धा शब्दांत मांडणे ओघानेच आले. मसुदा समितीने केला. लेखनाचे श्रेय मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ डर्की स्मिट यांना दिले जाते. आधी काय मानतो व मग काय नाकारतो, ही मांडणी नाझी काळातील जर्मन बार्मेन घोषणेची (१९३४) आहे.

पाच कलमांपैकी चौथे सर्वाधिक वादग्रस्त. देव विशेषत्वाने निराधार, दरिद्री व अन्यायग्रस्तांचा आहे, या वाक्यात टीकाकारांना मुक्तीचे धर्मशास्त्र (देव शोषितांच्या बाजूने उभा राहतो असे मानणारा ख्रिस्ती विचारप्रवाह) दिसले. समर्थक बार्मेन घोषणेचे मुख्य लेखक, स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट यांच्याकडे बोट दाखवतात. सोबतच्या पत्रात मात्र रोख व्यक्तींवर नसून खोट्या शिकवणीवर असल्याचे म्हटले आहे.

१९९४ मध्ये मिशन चर्च व कृष्णवर्णीयांची मंडळी एकत्र येऊन युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च स्थापन झाले. गोऱ्यांच्या मूळ मंडळीत विश्वासांगीकाराला आवश्यक बहुमत मिळाले नाही, त्यामुळे तिचे विलीनीकरण रखडले. अमेरिकेतील रिफॉर्म्ड चर्चने २०१० मध्ये व प्रेस्बिटेरियन चर्चने २०१६ मध्ये तो स्वीकारला.