टॉवेलचा केप: मुलांची नक्कल आणि अनुकरण यांत फरक काय?

माझा पाच वर्षांचा भाचा गेले दोन महिने खांद्याला टॉवेल बांधून घरभर उडतोय. जेवतानाही टॉवेल सुटत नाही. ताई म्हणते, "सुपरहिरोचे गुण घेतोय." बाबा, म्हणजे त्याचे आजोबा, म्हणतात, "कसले गुण? नुसती माकडचेष्टा." टॉवेल एकच, पण ताईला त्यात अनुकरण दिसतं आणि बाबांना नक्कल. बोलताना आपण हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. मुलांना आवडत्या माणसांकडून काहीतरी चांगलं मिळावं असं वाटत असेल, तर मात्र ते वेगळे धरलेले बरे.

नक्कल म्हणजे दिसतं ते उचलणं: वेश, लकब, चालण्याची ढब, ठरलेलं वाक्य. अनुकरण म्हणजे त्यामागचं कारण उचलणं. आवडता खेळाडू जिंकल्यावर हात कसे पसरतो ते मूल करून दाखवतं, ती नक्कल. तोच खेळाडू पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवतो, हे त्याने पाहिलेलं असतं. महिन्याभराने, खेळाशी काही संबंध नसताना, ते जिन्यात अडखळलेल्या मैत्रिणीसाठी थांबतं. इथे खेळाडूची एकही हालचाल त्याने उचललेली नाही, तरी त्याचं काहीतरी आलंय. माझी कसोटी एवढीच आहे: वस्तू काढून घ्या, प्रसंग बदला आणि काय उरतं ते बघा. (एकदा थांबलं म्हणून लगेच गुण आला असं समजू नका. कदाचित तिच्या हातात खाऊ असेल.)

आता बाबांच्या 'माकडचेष्टे'कडे वळतो, कारण इथे एक गंमत आहे. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एका पेटीतून बक्षीस कसं काढायचं ते करून दाखवलं. त्यात काठीने उगीच ठोकण्यासारख्या बिनकामाच्या क्रियाही होत्या. पेटी पारदर्शक केल्यावर त्या क्रियांचा उपयोग नाही हे उघड दिसत होतं. चिंपांझींनी त्या गाळल्या आणि थेट बक्षीस काढलं. मुलांनी मात्र सगळं साग्रसंगीत केलं. म्हणजे जशीच्या तशी नक्कल करण्यात माणसाचं पोर माकडाच्या पुढे आहे. मोठे करतायत त्या अर्थी त्यात काहीतरी असणार, असा तो विश्वास असावा. मोठी माणसं ज्या असंख्य गोष्टी कारण न सांगता करत असतात, त्या शिकायला हा विश्वास उपयोगीच पडतो.

पण मुलं डोळे मिटून उचलतात असंही नाही. २००२मधला ग्योर्गी गेर्गेई आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला फार आवडतो. चौदा महिन्यांच्या बाळांसमोर एक बाई टेबलावरचा दिवा हाताने नव्हे, कपाळाने दाबून लावते. काही बाळांनी पाहिलं तेव्हा तिचे हात मोकळे होते. काहींनी पाहिलं तेव्हा थंडी वाजते म्हणून तिने ब्लँकेट गुंडाळून घेतलं होतं आणि हात त्यातच अडकले होते. हात मोकळे असलेलं पाहणाऱ्यांपैकी ६९ टक्के बाळांनी नंतर कपाळ वापरलं, ब्लँकेटवालं पाहणाऱ्यांपैकी फक्त २१ टक्के. बिचारीचे हातच अडकले होते, मग आपण कशाला डोकं आपटायचं? इतका हिशेब त्या वयात होतो. 'का केलं' हा प्रश्न बोलता येण्याआधीपासून मुलाच्या डोक्यात असतो आणि अनुकरणाचं बी तिथेच असतं.

म्हणून नक्कल दिसली की ती मोडून काढायची घाई नको. २०१७मध्ये १८० मुलांवर झालेल्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं होतं. मध्येच सोडून टॅबवर खेळायची मुभा होती. आपण बॅटमॅनसारखं एखादं पात्र आहोत असं समजून काम करणारी मुलं सर्वांत जास्त वेळ टिकली. टॉवेलची ताकद ही एवढी. मात्र सोंग उतरल्यावर चिकाटी उरते का, हा प्रश्न वेगळा आहे. आणि ताई घाई करते ती इथेच.

नक्कल अनुकरणाकडे सरकायला मुलाला ते का केलं, आणि पुढे काय झालं, हे दोन्ही दिसावं लागतं. २०१४मध्ये कांग ली आणि सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या आणि नंतर ती खोटं बोलतात का ते तपासलं. खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या बाहुल्याची आणि 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट ऐकून काही फरक पडला नाही. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकून मात्र मुलं जास्त खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोटं बोलल्याचे दुष्परिणाम दाखवले, तेव्हा तिचा असर गेला. 'असं करू नकोस' यापेक्षा 'असं केलं आणि चांगलं झालं' हे लहानांना उचलता येतं. (खरेपणा शिकवणारी ही वॉशिंग्टनची गोष्ट स्वतः मात्र चरित्रकाराने रचलेली मानली जाते. असो.)

पात्र कोण आहे यानेही फरक पडतो. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाटून घेण्याची तीच गोष्ट काही मुलांना माणसांची म्हणून वाचली, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची म्हणून. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आपले स्टिकर जास्त वाटले. प्राण्यांच्या गोष्टी सोडून द्या असं मी म्हणणार नाही, पण गुण पोचवायचा असेल तर आपल्यासारखं दिसणारं पात्र बरं.

थोरांबद्दल सांगताना आपण बहुधा फक्त नकलेपुरता माल देतो. "मेरी क्यूरी महान शास्त्रज्ञ, दोन नोबेल." यातलं पाच वर्षांच्या मुलाने घ्यायचं काय? त्याऐवजी सांगा की ती आणि तिचा नवरा पावसात गळणाऱ्या शेडमध्ये ढिगाने खनिज उकळत, ढवळत होते आणि १९०२मध्ये त्यांच्या हाती आलं ते जेमतेम ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड. ढवळून हात दुखणं मुलाला कळतं. 'शूर होता' म्हणण्यापेक्षा 'भीती वाटत होती तरी गेला' हे कळतं.

आणि घरातल्या आदर्शांचं काय? १९७०मधल्या एका प्रयोगात मोठे तोंडाने दानधर्म शिकवत होते, हाताने कधी देत होते, कधी नव्हते. मुलांनी दिलं ते हात बघून. तोंडाचा उपदेश त्यांनी पुढे तोंडानेच इतरांना केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, याचीही नक्कल होतेच.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी भाच्याला जवळ घेतलं आणि विचारलं, "तुझा तो सुपरहिरो केप का घालतो रे?"

त्याने बराच विचार केला. "मामा, त्याला थंडी वाजत असेल."

बाबांनी पेपरच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचायला लागले.